जामीन राहिलेला राजा

बांदा हे महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचे, तेरेखोल नदीच्या काठचे गाव. बांदा सोडले की पत्रादेवी आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द सुरू. आम्हा सिंधुदुर्गवासीयांना ही हद्द कधी परकी वाटली नाही. इकडची पोरे रोज सकाळी मोटारसायकलला किक मारून गोव्यात कामाला जातात आणि रात्री परत येतात. घरातले माणूस गंभीर आजारी पडले की त्याला गाडीत घालून थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मात्र २०१८ च्या जानेवारीत गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले आणि गोरगरिबांच्या पायाखालची जमीन सरकली. दोडामार्ग भागातील लोक रस्त्यावर आले. त्या वेळी जो प्रश्न पुढे आला, तो साधा होता. हा माणूस आमच्या हद्दीतला नाही, पण मरणाच्या दारात आहे. त्याला आत घ्यायचे तर त्याचा खर्च कोणी उचलायचा?

वाचकहो, हाच प्रश्न जगातल्या प्रत्येक सीमेवर विचारला जातो. देश, वंश, कारण वेगळे असेल; पण नाक्यावरचा अधिकारी संकटातून पळून आलेल्या माणसाला शेवटी एवढेच विचारतो, की तुझ्यासाठी जामीन कोण? तुझ्या खाण्यापिण्याची, राहण्याची हमी कोण घेणार? हमी देणारा मिळाला तर फाटक उघडते, नाही मिळाला तर माणूस फाटकाबाहेरच राहतो. अमेरिकेने अलीकडे युक्रेन, क्युबा, हैती, निकाराग्वा, व्हेनेझुएला या देशांतील पीडितांना तात्पुरता प्रवेश दिला, तोही याच अटीवर, की अमेरिकेत राहणाऱ्या कोणीतरी त्यांच्या भरणपोषणाची लेखी हमी द्यावी. या हमीची गोष्ट आपल्या देशातही घडली आहे. तिचे धागे वांद्र्याला, कोल्हापूरला आणि थोडेसे गोव्यालाही जोडलेले आहेत. ती गोष्ट म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे चरित्र.

चळवळीच्या वर्तमानपत्रात राजाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. ते वाटणे योग्यच आहे. राजेरजवाड्यांविषयी आमच्या मनात भाबडेपणा नाही. संस्थानिकांच्या कारभारात प्रजेला काही स्थान नाही आणि असे संस्थानिक संघराज्यात आले तर ते लोकशाहीच्या गळ्यातले लोढणे ठरतील, ही मांडणी बाबासाहेबांनी १९३९ च्या जानेवारीत पुण्याच्या भाषणात केली होती. ती आम्ही विसरलेलो नाही. परंतु माणसाने केलेले चांगले काम त्याच्या मुकुटाकडे बघून नाकारायचे नसते आणि मुकुटाकडे बघून डोक्यावरही घ्यायचे नसते. ते तपासायचे असते. म्हणून हे चरित्र आम्ही तपासायला घेतले आहे.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा, काठियावाडातील जाडेजा राजपूत घराण्यातला. नवानगर म्हणजे आजचे जामनगर. तिथल्या राजाला जामसाहेब म्हणत. दिग्विजयसिंहजी राजाच्या पोटी जन्मलेले युवराज नव्हते. क्रिकेटमुळे जगभर नाव झालेले रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. रणजींची कहाणीही लक्षात घेण्यासारखी आहे. लहानपणी त्यांना त्या वेळच्या जामसाहेबांनी वारस म्हणून निवडले होते आणि पुढे मुलगा झाल्यावर बाजूला सारले. गादी मिळायला त्यांना १९०७ साल उजाडावे लागले. स्वतः रणजी अविवाहित राहिले आणि त्यांनी पुतण्याला दत्तक घेऊन वारस केले. तेव्हा दत्तक म्हणजे काय, दत्तक घेतले जाणे आणि दत्तकपण हातातून जाणे म्हणजे काय, हे या घराण्याला पुरेपूर माहीत होते. पण तोवर तिथे दत्तक घेतले जात होते ते गादीसाठी. दिग्विजयसिंहजींनी पुढे या दत्तकविधीचा जो उपयोग केला, तो अगदी वेगळा होता.

त्यांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे झाले. १९१९ साली ते सैन्यात अधिकारी झाले आणि १९३१ पर्यंत नोकरीत राहिले. २ एप्रिल १९३३ रोजी रणजी वारले आणि दिग्विजयसिंहजी गादीवर आले. क्रिकेटचे वेड घरातच होते. १९३७-३८ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच काळात ते नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशभरच्या संस्थानिकांच्या सभेचे चॅन्सेलर झाले. ब्रिटिश सरकारला जवळचा, दिल्ली आणि लंडन दोन्हीकडे वजन असलेला असा हा राजा होता. इथपर्यंतच्या चरित्रात इतर पन्नास संस्थानिकांपेक्षा वेगळे असे फारसे काही सापडत नाही.

वेगळेपणा आला तो युद्धामुळे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाची फौज घुसली. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी एक देश वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासून रशियाने आपल्या वाट्याच्या भागातील लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवले. शेतकरी, शिक्षक, वनखात्यातले कर्मचारी, सैनिकांची कुटुंबे, बायका, म्हातारी माणसे, लहान लेकरे, सगळे त्यात होते. थंडी, भूक आणि रोगराईने घरेच्या घरे संपली. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला पोलंडच्या परागंदा सरकारशी जुळवून घ्यावे लागले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि या हद्दपार लोकांना मोकळे करण्यात आले. मोकळे करण्यात आले म्हणजे छावणीचे दार उघडले, एवढेच. घर नाही, देश नाही, हातात पैसा नाही. लोक दक्षिणेकडे, उबेच्या दिशेने चालत सुटले. वाटेत आईबाप गेले आणि मागे मुले उरली. मध्य आशियातल्या अनाथालयांत अशा मुलांची रीघ लागली. पुढे १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक इराणमार्गे बाहेर पडले. पण तेवढ्याने प्रश्न संपत नव्हता. ही मुले घेणार कोण?

या वेळी हिंदुस्थानात हालचाल सुरू झाली. मुंबईतील पोलिश वकिलात आणि रेडक्रॉसची मंडळी औषधे, कपडे, धान्य घेऊन मालमोटारींच्या ताफ्याने अश्काबादपर्यंत पोचली. येताना त्याच मोटारींत मुले बसवली. डोंगर ओलांडून मशहद, तिथून इराणच्या वाळवंटातून झाहेदान आणि मग क्वेट्टा. शेकडो मैलांचा हा प्रवास करून मुलांची पहिली तुकडी १९४२ च्या वसंतात मुंबईला आली आणि काही महिने वांद्र्याला राहिली. जहाजातून नव्हे, तर मालमोटारीच्या फळकुटावर बसून ही लेकरे आपल्या मुंबईत आली, हे आज वांद्र्यातल्या किती लोकांना ठाऊक असेल?

मुले आणणे ही एक गोष्ट झाली, त्यांना ठेवून घेणे ही दुसरी. युद्धाचा काळ. जपान ब्रह्मदेशात घुसलेला. सरकारी तिजोरीवर नवा बोजा घ्यायला ब्रिटिश सरकार तयार नव्हते. परदेशी मुलांना आत घ्यायचे तर त्यांचा खर्च कोण देणार, युद्ध संपल्यावर ती कुठे जाणार, ती इथेच राहिली तर काय, असे हिशेबी प्रश्न फायलींवर उमटत होते. दुसऱ्याची मुले मरत असताना हिशेब मांडणारे सरकार निर्दयी वाटते. पण वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की जगातले जवळजवळ प्रत्येक सरकार असेच वागते. सरकारला दया पटवून देता येत नाही. सरकारला हमी द्यावी लागते.

ती हमी जामसाहेबांनी दिली. नवानगरपासून जवळच समुद्रकिनारी बालाचडी येथे त्यांचे उन्हाळी निवासस्थान होते. त्याच्या शेजारची जागा त्यांनी मुलांच्या छावणीसाठी दिली आणि तिथे घरे उभी केली. नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर म्हणून त्यांनी इतर संस्थानिकांनाही या कामात ओढले. मुलांच्या भरणपोषणासाठी निधी उभारण्यात आला. त्यात राजेरजवाडे होते, टाटांसारखे उद्योगपती होते आणि देणगी देणारे सामान्य लोकही होते. १९४२ ते १९४८ या काळात हिंदुस्थानातून या मुलांसाठी सुमारे ६ लाख रुपये जमा झाल्याची नोंद आहे. त्या काळातले ६ लाख, हे ध्यानात घ्यावे. जागा राजाची, खर्च निधीचा आणि सरकारकडे फक्त परवानगी मागायची, अशी ही रचना होती. तिजोरीला तोशीस नाही म्हटल्यावर सरकारचा हात सैल झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर जामसाहेब या मुलांचे प्रायोजक झाले. आमच्या भाषेत सांगायचे तर ते त्यांना जामीन राहिले.

जुलै १९४२ मध्ये बालाचडीची छावणी सुरू झाली. हा महिना चळवळीच्या वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. याच महिन्यात नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि याच सुमारास सर रामस्वामी मुदलियार यांच्यासोबत जामसाहेबांची लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळावर हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. एकाच महिन्यात एक माणूस कोट्यवधी बहिष्कृतांच्या हक्कांसाठी सत्तेच्या सभागृहात बसला आणि दुसऱ्याने काही शे परक्या अनाथांसाठी आपले आवार उघडले. दोन्ही कामांची जातकुळी एक नाही, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत.

छावणीत आलेल्या मुलांची अवस्था वाईट होती. हाडे वर आलेली, अंगावर फोड, डोळ्यांत भीती. भाकरीचा तुकडा उशीखाली लपवून ठेवायची सवय लागलेली. जामसाहेबांनी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले, की आजपासून तुम्ही अनाथ नाही, तुम्ही नवानगरचे आहात आणि मी तुमचा बापू आहे. काठियावाडात बापू म्हणजे बाप. मुले त्यांना अखेरपर्यंत बापूच म्हणत राहिली. फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश पाद्री छावणीचे प्रमुख होते. शाळा पोलिश भाषेत चालत असे. त्यांचे सण, त्यांची प्रार्थना, त्यांची नाटके, त्यांचे बालवीर पथक, सगळे त्यांच्या रीतीने चालू राहिले. मुलांना इथले तिखट जेवण सोसेना, तेव्हा जामसाहेबांनी त्यांच्यासाठी गोव्याहून स्वयंपाकी आणवले, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या बांद्यापलीकडच्या माणसांच्या हातचे जेवण सैबेरियातून वाचलेल्या लेकरांच्या पोटात गेले, याचे आम्हाला अप्रूप वाटते. पुढे मुलांनी पालकाच्या भाजीविरुद्ध चक्क संप केला. राजाच्या कानावर गेल्यावर त्यांनी मुलांना शिक्षा केली नाही, स्वयंपाक्याला पालक बंद करायला सांगितले.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दान घेणाऱ्याने तक्रार करायची नसते, असा आपल्या समाजात दंडक आहे. वाढलेले मुकाट गिळायचे, हात जोडायचे आणि उपकार मानायचे. शिळे तुकडे मागून आणण्याचा अपमान ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसला आहे, त्यांना या दंडकाची चव माहीत आहे. बालाचडीतल्या मुलांना भाजी आवडत नाही म्हणून संप करता आला आणि तो जिंकताही आला, यावरून तिथे त्यांना याचक म्हणून नव्हे, तर घरातली मुले म्हणून ठेवले होते, हे कळते. धर्म बदला, भाषा सोडा, आमचे ऐका, अशी कोणतीही अट त्या अन्नाला लावलेली नव्हती. जामसाहेबांच्या हमीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी बाब ही आहे.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९४२ साली ब्रह्मदेशातून लाखो भारतीय, त्यातले बहुसंख्य मजूर, चालत आसाम-बंगालकडे निघाले होते. जंगलात, चिखलात हजारो मेले. त्या वाटांवरही गोऱ्यांना वेगळी सोय आणि काळ्यांना वेगळी, असा भेदभाव झाला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे अन्नावाचून गेली. त्यांच्यासाठी कोणत्या राजाने समुद्रकिनारी घरे बांधली? हा प्रश्न आम्ही पोलिश मुलांचा घास मोजण्यासाठी विचारत नाही. ती लेकरे निष्पाप होती आणि त्यांना मिळाले ते योग्यच मिळाले. आमचा प्रश्न हमीच्या पद्धतीला आहे. जिथे प्रवेश आणि अन्न एखाद्याच्या मर्जीवर अवलंबून असते, तिथे कोणाची आठवण यायची आणि कोणाची नाही, हेही त्या मर्जीवरच ठरते.

युद्ध संपले आणि हमीची खरी परीक्षा तिथून सुरू झाली. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सामध्ये रशियाच्या वजनाखाली आलेल्या सरकारला मान्यता दिली. मुलांना परत पाठवा, अशी मागणी होऊ लागली. तात्पुरता आश्रय होता, युद्ध संपले, आता जा, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. पण ही मुले जिथून आली होती ती गावे आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती, सीमाच सरकली होती. ज्यांनी आईबापांना गाडीत कोंबून नेले, त्यांच्याच छायेखाली मुलांना धाडायचे, असा त्याचा अर्थ होता.

या पेचातून काढलेली वाट कायद्याची होती. जामसाहेब, फादर प्लुता आणि छावणीशी संबंधित ब्रिटिश अधिकारी क्लार्क यांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. अनाथ मूल एखाद्या सरकारचे असू शकते, पण दत्तक मूल घराचे असते. त्याला पालकाच्या संमतीवाचून हलवता येत नाही. ज्या घराण्यात दत्तकविधी गादीसाठी होत आला, त्याच घराण्यातल्या, स्वतः दत्तक असलेल्या माणसाने तो ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्या संरक्षणासाठी वापरला. छावणीसाठी जागा आणि पैसा देणारे त्या काळात आणखीही सापडले असते. मुदत संपल्यावर, सरकारे फिरल्यावर, मित्रराष्ट्रांचे राजकारण उलटल्यावरही आपला शब्द न फिरवणारे थोडे असतात. आमच्या मते जामसाहेब मोठे ठरतात ते १९४२ मुळे नव्हे, तर १९४५ नंतरच्या या वागणुकीमुळे.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आली. वळिवडेची छावणी १९४३ पासून होती. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या या बराकींत सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यत्वे बायका, मुले आणि वृद्ध, राहत होते. तिचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत असे. शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह, दुकाने असलेले ते एक लहान पोलिश गावच होते. कोल्हापूरच्या बाजारात गोऱ्या बायका मोडक्या मराठीत घासाघीस करीत, हे पाहिलेली माणसे परवापरवापर्यंत हयात होती. १९४८ पर्यंत ही छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाला, काही पोलंडला परतले. जे इथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. त्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि वळिवडेचे गांधीनगर झाले. आज गांधीनगरला स्वस्त कापड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असते की त्या भिंतींनी दोन वेळा उजाडलेल्यांना आसरा दिला आहे?

इकडे राज्येही संपत होती. १९४७ मध्ये जामसाहेबांनी नवानगर भारतात विलीन केले. १९४८ च्या फेब्रुवारीत काठियावाडातल्या संस्थानांचे एक राज्य झाले. पुढे सौराष्ट्र म्हणून ओळखल्या गेलेल्या या राज्याचे ते राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यानंतर सौराष्ट्र मुंबई राज्यात आले. म्हणजे १९५६ ते १९६० या काळात जामनगर आणि आमचे बांदा एकाच राज्यात होते. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. सोमनाथ मंदिराच्या उभारणीला त्यांनी एक लाख रुपये दिले आणि त्याच्या ट्रस्टमध्ये पुढाकार घेतला, हेही नोंदवले पाहिजे. ते धर्मनिष्ठ राजपूत राजे होते. जातिव्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला समाजक्रांतिकारक म्हणून त्यांना रंगवणे खोटेपणाचे होईल आणि चळवळीला खोट्याची गरज नाही.

३ फेब्रुवारी १९६६ रोजी दिग्विजयसिंहजींचे निधन झाले. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत या मुलांची कहाणी उघड बोलायची सोय नव्हती. १९८९ नंतर ती बाहेर आली. आज वॉर्सामध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे, चांगल्या महाराजाचा चौक म्हणून ओळखला जाणारा चौक आहे आणि कोल्हापूरच्या नावाचेही स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. आपल्याकडे मात्र शाळेच्या पुस्तकात हे नाव शोधूनही सापडणे कठीण.

आता आम्ही राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. बालाचडीची मुले दत्तक घेतली जात होती त्यानंतर दोनच वर्षांत आपल्या देशाच्या फाळणीने कोट्यवधी लोक रस्त्यावर आणले. त्यात अस्पृश्यही होते. पण सिंधमधल्या सफाई कामगारांना पाकिस्तान सरकार सोडायलाच तयार नव्हते. कराचीची घाण उपसणार कोण? त्यांची कामे अत्यावश्यक ठरवून त्यांना अडकवून ठेवले गेले. जे कसेबसे इकडे आले, त्यांची वेगळीच गत झाली. मदत मिळायची ती छावणीत असलेल्यांना आणि छावणीत अस्पृश्यांना धड जागा मिळेना. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले आणि १८ डिसेंबर १९४७ रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहून ही सारी परिस्थिती मांडली. त्या पत्रात त्यांनी कोणाकडे दया मागितली नाही. सरकारने काय करावे, हे त्यांनी सांगितले. आमच्या माणसांना आणण्याची व्यवस्था करा, मदतीचे नियम बदला, त्यासाठी जबाबदार माणसे नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

जामसाहेबांचे आणि बाबासाहेबांचे काम एका जातकुळीचे नाही असे आम्ही वर म्हटले, ते याच अर्थाने. एक जण स्वतः जामीन राहिला. दुसऱ्याने राज्यालाच जामीन राहायला भाग पाडण्याचा प्रयत्न केला. राजाची हमी काही शे मुलांना पुरते आणि राजा चांगला असेल तोवरच टिकते. राज्याची हमी कायद्यात उतरली तर ती सर्वांना मिळते आणि कोणाच्या मर्जीवर राहत नाही. ती उतरली नाही तर काय होते, हे पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र निर्वासितांना विचारावे. त्यांना दंडकारण्यात, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही पाठवण्यात आले. त्यातले काही सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर परत गेले, तेव्हा १९७९ मध्ये त्यांची नाकेबंदी करून, गोळ्या घालून त्यांना हुसकण्यात आले. त्यांना कोणी बापू नव्हता आणि कायदाही नव्हता.

आणि ज्यांना लेखी हमी होती, त्यांचे तरी काय झाले? अमेरिकेने २०२३ च्या जानेवारीत चार देशांतील पीडितांसाठी सुरू केलेल्या योजनेत हमीदाराचे उत्पन्न तपासून दोन वर्षांचा प्रवेश दिला. पाच लाखांहून अधिक लोक त्या मार्गाने आले. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या सरकारने ती योजनाच संपवली आणि मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवण्यास नकार दिला. हमीदार तेच होते, त्यांचा पैसाही तोच होता. बदलले ते सरकारचे मन. १९४५ ची बालाचडी आणि २०२५ ची अमेरिका यांत एवढेच साम्य नाही, फरकही आहे. बालाचडीत हमीदाराकडे दत्तकविधीचे हत्यार होते आणि ते उचलण्याची हिंमतही होती. आजच्या सामान्य हमीदाराकडे ती ताकद कुठून येणार? भारताने तर १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आजवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे आजही सरकारच्या मर्जीवर ठरते.

म्हणून जामसाहेबांच्या चरित्रातून चळवळीने दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे जामीन राहण्याची वृत्ती. परगावी शिकायला गेलेल्या मुलाला भाड्याची खोली मिळत नाही, आजाऱ्याला दवाखान्यात अनामत रक्कम मागतात, अत्याचारामुळे गाव सोडलेल्या कुटुंबाला नव्या गावात कोणी ओळख देत नाही. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पुढे होऊन सही करावी लागते. त्यासाठी राजवाडा लागत नाही. ज्याला पगार आहे, घर आहे, गावात पत आहे, अशा आपल्यातल्या प्रत्येकाला ते करता येते. सही केल्यावर मुदत संपली म्हणून पाठ फिरवायची नाही आणि ज्याच्यासाठी सही केली त्याला आयुष्यभर उपकाराची आठवणही करून द्यायची नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एका माणसाने जामीन राहून जे केले, ते सर्वांसाठी कायद्याने व्हावे म्हणून भांडत राहणे. बांबोळीच्या दवाखान्याबाहेर चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला प्रत्येक वेळी एखादा चांगला राजा भेटेलच असे नाही. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीचे सत्याग्रही बांद्याला जमले, तेव्हा ते कुठले, कोणत्या जातीचे, त्यांचा खर्च कोण देणार, हे न विचारता इथल्या घरांनी चुली पेटवल्या होत्या. पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळ्या झेललेल्यांना याच गावाकडे आणले गेले. गावाला जे समजले, ते सरकारला समजायला अवघड जाऊ नये. ते समजावून देण्याचे काम चळवळीचे आहे आणि ते आम्हीच केले पाहिजे.